म्हातारा, आजारी कुत्रा दत्तक घेताना: निवडीपासून रोजच्या देखभालीपर्यंत

दत्तक द्यायच्या कुत्र्यांच्या यादीत 'आंधळा', 'बहिरा', 'तीन पायांचा' असे शब्द दिसले की बहुतेक लोक पुढे सरकतात. आणि 'वय ९, वजन ३८ किलो, मागचे पाय थोडे कमजोर' या ओळीवर थांबतात. घरी आणल्यावर मात्र हिशेब उलटा निघतो. आंधळा कुत्रा दोन-तीन आठवड्यांत घर पाठ करतो आणि नंतर त्याच्यासाठी वेगळं असं फारसं करावं लागत नाही. तो ३८ किलोचा 'थोडा कमजोर' कुत्रा सहा महिन्यांनी उठेनासा झाला, तर त्याला दिवसातून पाच वेळा उचलणार कोण?

म्हणून आजाराच्या नावाला घाबरू नका. तीन गोष्टी बघा: या आजाराला दिवसातल्या कोणत्या ठरलेल्या वेळा लागतात, कुत्र्याचं वजन किती आहे, आणि दुखणं आहे तिथेच थांबलंय की वाढत जाणारं आहे. या तिन्हींची उत्तरं तुमच्या घराशी जुळली, तर बाकीचं शिकता येतं.

'म्हातारा' हा शब्दही वजनावर ठरतो. मोठ्या अंगाचे कुत्रे ६-७ वर्षांपासून म्हातारपणाकडे झुकतात, लहान चणीचे १०-११ पर्यंत टुणटुणीत असतात. त्यामुळे ९ वर्षांचा छोटा कुत्रा आणि ९ वर्षांचा थोराड कुत्रा यांत मोठा फरक आहे.

१. आधी आपलं घड्याळ मांडा

कामाच्या दिवशी घरात कोण किती वाजता असतं ते कागदावर लिहा. सुट्टीचा दिवस धरू नका. मग कुत्र्याच्या गरजा त्यावर ठेवून बघा.

- मधुमेह: दर १२ तासांनी जेवण आणि लगेच इंजेक्शन. काम दहा मिनिटांचं, पण रोजचं आणि वेळ पक्की. सकाळी ७ आणि संध्याकाळी ७ ला कुणीतरी नक्की असेल, तर दिवसभर बाहेर असणाऱ्या घरालाही हे जमतं.
- मागचे पाय लुळे आणि लघवी स्वतःहून होत नाही: दिवसातून ३-४ वेळा मूत्राशय हाताने दाबून रिकामं करावं लागतं. सगळे १० तास बाहेर असलेल्या घराने हा कुत्रा घेऊ नये.
- किडनीचा आजार, किंवा हृदयासाठी लघवी वाढवणारी गोळी: पाणी भरपूर, त्यामुळे बाहेर नेण्याच्या फेऱ्याही भरपूर. ४-५ तासांपेक्षा जास्त अंतर त्याला झेपत नाही.
- फिट येणं: गोळ्या बहुधा १२ तासांनी, आणि एकही चुकवायची नाही. शिवाय फिट बघताना हातपाय न गाळणारं माणूस घरात हवं.
- स्मृतिभ्रंश: दिवसा सोपा, रात्री कठीण. सकाळी लवकर कामावर जाणाऱ्यांनी दोनदा विचार करावा.
- आंधळेपणा, बहिरेपणा, तीन पाय: वेळ कमी, घराची मांडणी जास्त.

पैशाचा अंदाज दत्तक देणाऱ्या संस्थेच्या तोंडी सांगण्यावर बांधू नका. गेल्या तीन महिन्यांची औषधांची आणि तपासण्यांची बिलं मागा. त्यातून महिन्याची सरासरी काढा, वर्षाकाठी दोन रक्ततपासण्या त्यात धरा आणि एका इमर्जन्सीचे पैसे बाजूला ठेवा. डोस वजनावर ठरतो, त्यामुळे त्याच आजाराची तीच गोळी ३० किलोच्या कुत्र्याला १० किलोच्या कुत्र्याच्या साधारण तिप्पट लागते. विम्यावर विसंबू नका. घेण्याआधीपासून असलेला आजार पॉलिसीत सहसा धरत नाहीत.

२. संस्थेला काय विचारायचं

स्वभाव कसा आहे, हे सगळेच विचारतात. त्याहून उपयोगी प्रश्न हे: सध्या कोणती औषधं, किती मिलीग्रॅम, किती वाजता, आणि कधीपासून? डोस शेवटचा कधी बदलला? तीन महिन्यांपूर्वीचं वजन आणि आजचं वजन किती? रात्रीतून किती वेळा उठतो? शी-शू कुठे आणि किती वेळा? आधीच्या मालकाने का सोडला? एकटा सोडल्यावर काय करतो? चावला आहे का, आणि चावला तेव्हा कुणी कुठे हात लावला होता? म्हाताऱ्या कुत्र्याचं गुरगुरणं हे बऱ्याचदा दुखण्याचं लक्षण असतं, म्हणून हा शेवटचा तपशील फार कामाचा.

शक्य असेल तर दोनदा भेटा, त्यातली एक भेट कुत्रा किमान तासभर झोपून उठण्याच्या वेळी. सांधेदुखी पहिल्या दहा पावलांत दिसते. अंग गरम झालं की तोच कुत्रा बरा चालतो, आणि नेमकं तेव्हाच आपल्याला दाखवला जातो. त्याला गुळगुळीत फरशीवर चालवा, दोन्ही बाजूंना वळवा, बसायला लावा. सरळ न बसता पाय एका अंगाला टाकून बसत असेल, तर खुबा किंवा गुडघा दुखतोय असं धरा.

मग मागचे पंजे उचलून नखं बघा. मधल्या दोन नखांची वरची बाजू घासलेली असेल, तर तो पंजा फरफटत टाकतो आहे. हे बहुधा नसांचं किंवा कण्याचं लक्षण असतं, नुसत्या संधिवाताचं नव्हे. 'पाय थोडे कमजोर' या ओळीमागे काय आहे ते इथे कळतं, आणि पुढच्या वर्षाचा अंदाजही इथेच येतो.

तोंडाचा वास घ्या, ओठ उचलून दात बघा. पाठीवरून आणि खुब्यांवरून हाताची मागची बाजू हलकेच फिरवा. मान वळवून तुमच्या हाताकडे बघणं, ओठ चाटणं, कातडी थरथरणं हे सगळं 'दुखतंय' असंच वाचायचं. डोळ्यांत निळसर धुरकटपणा दिसला म्हणून लगेच मोतीबिंदू समजू नका. वयाने भिंग घट्ट होतं, तेव्हा डोळा निळसर दिसतो पण नजर बऱ्यापैकी शाबूत राहते. कापसाचा बोळा समोर सोडा. नजर त्याच्यामागे गेली, तर दिसतंय.

प्रत्यक्ष भेटता येत नसेल, तर तीन व्हिडिओ मागा: झोपेतून उठताना, खाताना, पायरी चढताना. आणि २-४ आठवडे फॉस्टर म्हणून ठेवून मग दत्तक घेण्याची सोय असेल, तर ती घ्या. न जमल्यास कुत्रा परत घेतला जाईल, हे लेखी असावं. यात कमीपणा काही नाही. घाईत दुसऱ्या-तिसऱ्या घरी फिरवलेला म्हातारा कुत्रा दर वेळी जास्त खचतो.

३. घर तयार करणं

कुत्रा यायच्या आधी हे व्हायला हवं. झोपायची जागा, पाणी आणि बाहेर जायचं दार या तीन जागा जोडणारा रस्ता आखा आणि त्यावर खालून रबर असलेल्या पट्ट्या अंथरा. मध्ये दोन हातांची मोकळी फरशी सोडली, की कुत्रा नेमका तिथेच अडतो किंवा घसरतो. एकदा जोरात घसरलेला म्हातारा कुत्रा पुढे त्या खोलीत यायलाच नकार देतो. कडा वर उचललेल्या असतील तर दुहेरी टेपने चिकटवा. पंज्यांच्या गाद्यांमधले वाढलेले केस कापा आणि नखं फरशीवर टकटक वाजणार नाहीत इतकी लहान ठेवा. लांब नखांमुळे पंजा मागे झुकतो, पकड जाते आणि सांध्यांवर ताण येतो.

गादी विकत घेताना मुठीने पूर्ण दाबून बघा. मूठ जमिनीला लागली तर ती गादी मोठ्या कुत्र्याच्या कोपरांना पुरणार नाही. दाट फोम, काढून धुता येणारं कव्हर, आत पाणी न शिरणारा थर, आणि किमान एका बाजूला कड नको. दोन गाद्या ठेवा, एक माणसांच्या वावरात आणि एक शांत कोपऱ्यात.

रॅम्प सगळ्यात जास्त चुकतो, कारण तो आखूड घेतला जातो. म्हाताऱ्या कुत्र्याला साधारण २० अंशांपेक्षा जास्त चढ नको. म्हणजे ४५ सेंटीमीटर उंचीच्या सोफ्याला १३० सेंटीमीटर लांबीचा रॅम्प लागतो आणि ७० सेंटीमीटर उंचीच्या गाडीला जवळपास २ मीटरचा. सोपा हिशेब: उंचीला ३ ने गुणा, त्याहून आखूड नको. आधी रॅम्प जमिनीवर सपाट ठेवून त्यावर चालवा, मग एका पुस्तकाइतका उचला, मग पूर्ण.

जिन्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडे फाटक. रात्री पाण्यापाशी आणि दारापाशी मंद दिवा. मान किंवा पुढचे पाय दुखत असतील, तर भांडं छातीच्या उंचीला आणलेलं बरं. मात्र खोल छातीच्या मोठ्या जातींत पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो, त्यांच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारा. गळपट्ट्याऐवजी पाठीवर मूठ असलेला हार्नेस घ्या. मागचा भाग उचलायला तात्पुरता मोठा टॉवेल पोटाखालून घातला तरी चालतं, फक्त नर कुत्र्याची शूची वाट दाबली जाणार नाही हे बघा.

४. पहिले काही दिवस

नवीन घरी आलेल्या कुत्र्यांसाठी एक ढोबळ हिशेब सांगतात: भेदरलेपण ओसरायला ३ दिवस, दिनक्रम कळायला ३ आठवडे, घर आपलं वाटायला ३ महिने. म्हाताऱ्याला याहून जास्त वेळ लागला तर नवल नाही.

या काळात काहीच बदलायचं नाही. संस्थेत जे खात होता तेच खाणं, त्याच वेळा, तीच औषधं. निदान १४ दिवसांची औषधं सोबत मागून घ्या आणि शेवटचा डोस किती वाजता दिला ते लिहून घ्या. कुत्रा आणायच्या दिवशी सगळ्यात जास्त गोंधळ याच एका गोष्टीचा होतो: संस्थेला वाटतं घरी देतील, घरच्यांना वाटतं देऊन पाठवला असेल. आंघोळ, पाहुणे, लांब फिरणं पुढच्या आठवड्यात. घर मोठं असेल तर एक-दोन खोल्याच मोकळ्या ठेवा. घरात दुसरा कुत्रा असेल, तर पहिली गाठ बाहेर मोकळ्या जागेत घाला आणि दोघांची भांडी व गाद्या वेगळ्या ठेवा. पाय दुखणाऱ्या कुत्र्याला पळून जाता येत नाही, त्यामुळे तो आधी दात दाखवतो.

एखादं जेवण टाकलं तर चालतं. पण २४ तास काहीच खाल्लं नाही तर फोन करा, आणि मधुमेही कुत्र्याने एकही जेवण टाकलं तर लगेच. खाणं बदलायचंच असेल, तर दुसऱ्या आठवड्यापासून, ७-१० दिवसांत: आधी पाव भाग नवीन, दोन-तीन दिवसांनी अर्धा, मग पाऊण. शी पातळ झाली की एक पायरी मागे.

५. पहिल्या आठवड्यातली तपासणी

कुत्रा ठीक दिसत असला तरी जा. पुढे काही बिघडलं तर ताडून बघायला सुरुवातीचे आकडे हवेत. वजन, पूर्ण रक्तगणना, किडनी आणि लिव्हरची तपासणी, साखर, गरज वाटल्यास थायरॉइड, रक्तदाब, आणि लघवी. लघवी सकाळची पहिली घ्या. रात्रभरानंतरही ती पाण्यासारखी पातळ असेल, तर किडनीकडे किंवा इतर आजारांकडे संशयाने बघता येतं, आणि दुपारच्या लघवीत हे नीट कळत नाही. स्वच्छ, सपाट वाटी लांब दांड्याला बांधली, की धार सुरू झाल्यावर ती सहज खाली सरकवता येते.

अंगावर गाठ असेल तर 'चरबीची असेल' या शब्दावर सोडू नका. बारीक सुईने नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतो. नुसत्या बोटांना चरबीची गाठ आणि कर्करोगाची गाठ यांतला फरक नक्की कळत नाही.

सगळं एकाच महिन्यात दुरुस्त करायला जाऊ नका. आधी दुखणं आणि संसर्ग, मग रोजच्या औषधांचे डोस, मग दात, मग वजन. दातांसाठी भूल लागते आणि वयाचं नाव सांगून ती पुढे ढकलली जाते. पण सडलेल्या दातांचं दुखणं वर्षभर सोसणं, हे तपासण्या करून दिलेल्या भुलेपेक्षा बरं असं समजू नका.

६. औषधं

माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटात व्रण करतात आणि किडनी बिघडवतात. मेलॉक्सिकॅम कुत्र्यांनाही देतात, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. पण १० किलोच्या कुत्र्याला रोजचा डोस १ मिलीग्रॅमच्या आसपास असतो, आणि माणसांची गोळी १५ मिलीग्रॅमचीही असते. डॉक्टरांनी वेदनाशामक दिलेली असताना स्टिरॉइड सुरू होत असेल, तर आधीची गोळी चालू असल्याचं स्वतःहून सांगा. दोन्ही एकत्र दिल्यास पोटात रक्तस्राव होऊ शकतो. काळी, डांबरी शी, उलटी किंवा भूक जाणं दिसलं, की पुढचा डोस न देता फोन.

फिट येणाऱ्या कुत्र्याला गोचीड-पिसवांची गोळी देण्यापूर्वी तिच्यातला घटक बघा. फ्लुरालानर, अफोक्सोलानर, सारोलानर, लोटिलानर या गटाच्या औषधांनी काही कुत्र्यांना फिट येऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला होता. अशा कुत्र्यासाठी दुसरा पर्याय मागा. फेनोबार्बिटलसारखी फिटची गोळी अचानक बंद करायची नसते. बाटली संपायच्या आठवडाभर आधी नवी घरात हवी.

गोळी खाऊ घालायची खूबी: आवडत्या खाऊचे तीन तुकडे घ्या. पहिला रिकामा, दुसऱ्यात गोळी, आणि दुसरा तोंडात असतानाच तिसरा नाकासमोर. तिसऱ्याच्या घाईत दुसरा न चावता गिळला जातो. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करू शकते, डॉक्सिसायक्लिन तर नक्कीच, म्हणून नंतर थोडं पाणी किंवा ओलं खाणं द्या. कोटिंगवाली गोळी विचारल्याशिवाय कुटू नका.

७. आजारानुसार रोजचं काम

*मधुमेह.* क्रम कधी उलटवू नका: आधी जेवण, खाल्लेलं बघणं, मग इन्सुलिन. जेवला नाही तर पूर्ण डोस द्यायचा नाही, डॉक्टरांना विचारायचं. डोस दिला की नाही याची शंका आली, तर पुन्हा टोचू नका. एक डोस चुकल्याने साखर थोडी वाढते, पण दोनदा दिल्याने जीव जाऊ शकतो. म्हणून सुई टाकण्याआधी कॅलेंडरवर खूण करा.

सिरिंजची गल्लत सगळ्यात घातक. इन्सुलिन बहुधा दोन तीव्रतेत मिळतं: १ मिलीलिटरमध्ये ४० युनिट किंवा १०० युनिट. सिरिंजही त्याच दोन प्रकारच्या असतात. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत भरलं, तर कुत्र्याला १० ऐवजी २५ युनिट जातात. उलटं केलं तर फक्त ४. बाटलीवरचा आणि सिरिंजच्या पाकिटावरचा आकडा दर नव्या खरेदीला जुळवून बघा.

साखर खूप उतरली की कुत्रा झुलतो, थरथरतो, हाक मारल्यावर ओळख दाखवत नाही, आणि पुढे फिट येते. शुद्धीत असेल तर खायला द्या. नसेल तर ग्लुकोजचं पाणी किंवा मध बोटाने हिरड्यांना चोळा. घशात ओतू नका, फुप्फुसात जातं. आणि लगेच दवाखाना गाठा. मधुमेही कुत्र्यांत मोतीबिंदू फार लवकर येतो, त्यामुळे पुढची आंधळ्या कुत्र्याची तयारीही मनात असू द्या.

*मागचे पाय लुळे.* इथे सगळा खेळ मूत्राशयाचा. गादी ओली दिसते, म्हणून घरच्यांना वाटतं शू होते आहे. बऱ्याचदा ते भरून वाहणारं जास्तीचं असतं आणि आत मूत्राशय तट्ट भरलेलं असतं. शिल्लक राहिलेल्या लघवीत संसर्ग होतो, तो किडनीपर्यंत चढतो.

दाबायची रीत डॉक्टरांचा हात तुमच्या हातावर असतानाच शिका. कुत्रा उभा धरलेला किंवा कुशीवर. दोन्ही तळवे पोटाच्या दोन्ही बाजूंना, मागच्या मांड्यांच्या किंचित पुढे. पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं मऊ गोल हाताला लागतं. बोटांनी न टोचता, सपाट तळव्यांनी दोन्हीकडून सारखा दाब वाढवत न्या आणि धार लागली की तो तसाच धरून ठेवा. धार थांबली की सोडा, थोडं थांबा, पुन्हा दाबा. शेवटी ते गोल हाताला लागेनासं झालं पाहिजे. कुत्र्याने पोट आवळलं तर थांबा. जोर लावून जिंकायची ही गोष्ट नाही. मूत्राशय घट्ट लागतंय आणि थेंबही येत नाही, तर जास्त दाबू नका, तडक डॉक्टरांकडे न्या. लघवी गढूळ, वास मारणारी किंवा लालसर झाली, तर तिची कल्चर तपासणी (कोणते जंतू आहेत ते बघणारी) करून घ्या.

कातडी रोज बघायची. कोपर, खुबा, घोटा या हाडांवरची लाली दाबून सोडल्यावर गेली नाही, तर जखमेची सुरुवात झाली आहे. स्वतः कूस न बदलणाऱ्या कुत्र्याची कूस दर ४ तासांनी बदला. शूने भिजणारा भाग केस कापून, कोमट पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडा करा आणि वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. लहान मुलांच्या डायपरचं झिंक ऑक्साइडवालं मलम नको, चाटल्यावर विषारी ठरतं. डायपर ३-४ तासांत बदला आणि रोज काही वेळ उघडं ठेवा.

चाकांची गाडी मापाने घ्या. उभा केल्यावर पाठ आडवी हवी, मागचा भाग वर उचललेला नको. पहिल्या दिवशी ५-१० मिनिटं, तीही खाऊ दाखवत, मग हळूहळू वाढवायचं. प्रत्येक वेळी काढल्यावर जांघा बघा, पट्टा सगळ्यात आधी तिथे काचतो. गाडीत असताना कुत्र्याला आडवं होता येत नाही, म्हणून एकटं सोडायचं नाही.

*संधिवात.* एकदम ४० मिनिटं फिरण्याऐवजी १०-१५ मिनिटांच्या तीन फेऱ्या. 'वय झालं, आता पडूनच असतो' असं वाटत असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली २-३ आठवडे वेदनाशामक देऊन बघा. कित्येकदा वय तेच राहतं आणि कुत्रा दारापर्यंत आपणहून येऊ लागतो. गोळ्या न सोसणाऱ्यांसाठी बेडिनव्हेटमॅबचं महिन्याला एक इंजेक्शन असतं, त्याचे फायदे-तोटे विचारून घ्या.

*हृदय.* गाढ झोपेत छाती ३० सेकंदांत किती वेळा वर येते ते मोजा, दुप्पट करा. मिनिटाला ३० च्या आत हवी. पुन्हा पुन्हा मोजूनही ३० च्या वर येत असेल, तर खोकल्याची वाट न बघता फोन करा. पिमोबेंडॅन असेल तर ती जेवणाच्या साधारण तासभर आधी.

*फिट.* डोकं टेबलाच्या कडेपासून दूर ठेवा, तोंडात हात घालू नका, घड्याळ लावा आणि व्हिडिओ घ्या. ५ मिनिटांच्या वर गेली, किंवा २४ तासांत दुसरी आली, तर इमर्जन्सी.

*अचानक मान वाकडी आणि तोल जाणं.* डोळे एका लयीत हलतात, कुत्रा गोल फिरत कोसळतो, आणि घरचे म्हणतात लकवा मारला, संपलं. म्हाताऱ्या कुत्र्यांत हा बहुधा अंतर्कर्णाच्या तोलाचा बिघाड असतो. २-३ दिवसांत उतार पडू लागतो आणि २-३ आठवड्यांत कुत्रा चालू लागतो. मान थोडी तिरकी राहिली तर राहते. डॉक्टरांना दाखवा, पण त्याच दिवशी आशा सोडू नका.

*आंधळा.* सामान हलवू नका, पाण्याचं भांडं तर अजिबात नाही. गुडघ्यांवर बसून घरभर फिरा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला येणारे कोपरे तेव्हाच दिसतात. 'पायरी' आणि 'थांब' हे दोन शब्द आधी शिकवा. कडेवर घेऊन खोली बदलू नका. उचललंच तर नेहमीच्या ठरावीक जागी ठेवा, म्हणजे त्याला दिशा लागते. *बहिरा.* झोपलेला असताना एकदम हात लावू नका, गादीशेजारी जमीन थोपटा. हातवारे शिकवा. बाहेर पट्टा सोडू नका. *तीन पाय.* वजन आणि फरशी, बास. पुढचा पाय नसलेल्याला जास्त सांभाळा, कारण शरीराचं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं.

*स्मृतिभ्रंश.* रात्रभर येरझाऱ्या, कोपऱ्यात अडकून उभं राहणं, बिजागरीच्या बाजूने दार उघडायची वाट बघणं. निदान करण्याआधी दुखणं, लघवीचा संसर्ग, रक्तदाब आणि नजर तपासून घ्या, कारण तेही अशाच रात्री घालवायला लावतात. दिवसा उजेडात थोडं फिरवणं, झोपायच्या आधी उशिरा एक फेरी, दिवा, आणि वेळा न बदलणं याने फरक पडतो. सेलेजिलीनसारखं औषधही आहे.

८. वजन

सांध्यांसाठी सगळ्यात स्वस्त औषध हेच. आरामात असताना लागणाऱ्या कॅलरी घरी काढता येतात: किलोमधल्या वजनाचा घन करा, त्या आकड्याचं दोनदा वर्गमूळ घ्या, ७० ने गुणा. १० किलोला साधारण ३९५, २० किलोला ६६० कॅलरी येतात. घरात वावरणाऱ्या, नसबंदी झालेल्या म्हाताऱ्याला याच्या १.२ ते १.४ पट. उतरवायचं असेल तर हवं असलेलं वजन धरून हिशेब करा आणि आठवड्याला १-२ टक्क्यांपेक्षा वेगाने उतरवू नका, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला २०० ते ४०० ग्रॅम. खाणं कपाने न मोजता वजनकाट्यावर मोजा. गोळ्यांसोबतचा खाऊ याच हिशेबातून वजा करायचा. न ठरवता वजन उतरत असेल, तर मात्र खुश होऊ नका, तपासणी करा.

९. वहीत काय लिहायचं

रोज दोन ओळी: काय खाल्लं, शी-शू, औषधं, उठायला त्रास. आठवड्यातून एकदा वजन आणि झोपेतला श्वास. पाणी जास्त पितो असं वाटलं, तर २४ तास मोजून भरा. दिवसाला किलोमागे १०० मिलीलिटरच्या वर गेलं तर ते नक्कीच जास्त आहे. पण लघवी होते म्हणून पाणी तोडू नका. नसबंदी झालेल्या कुत्रीची झोपेत शू गळत असेल तर तिलाही औषध आहे, पाणी कमी करणं हा इलाज नव्हे.

महिन्यातून एकदा जगण्याचा दर्जाही मोजा. पशुवैद्य डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांची मोजपट्टी सोपी आहे: वेदना (श्वासाचा त्रास यातच), भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला ० ते १०, बेरीज ३५ च्या वर असेल तर पुढे जायला हरकत नाही. घरातल्या दोघांनी एकमेकांना न दाखवता गुण द्यावेत. जास्त माया करणारा नेहमी जास्त देतो. बेरीज सलग उतरत असेल, तर कायमची झोप देण्याबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा: घरी येतात का, आधी गुंगीचं औषध देतात का, रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा. हे सगळं ऐन वेळी विचारायला गेलं, की कुत्र्याचे एक-दोन दिवस उगाच हालात जातात.

१०. तुम्ही नसताना

तुमच्याशिवाय आणखी एका माणसाला सगळं यायला हवं, आणि ते फक्त बघून नव्हे, तर तुमच्या समोर दोन वेळा स्वतः करून. फ्रिजवर एक कागद लावा: औषधाचं नाव, मिलीग्रॅम, वेळ, जेवणाआधी की नंतर, न जेवल्यास काय करायचं, नेहमीच्या डॉक्टरांचा आणि रात्रीच्या दवाखान्याचा नंबर, कुठे हात लावलेला चालत नाही, ताजं वजन. डोस बदलला की जुना आकडा खोडू नका, नवा कागद लावा आणि वर तारीख घाला. खाडाखोड केलेल्या कागदावरून चुकीचा आकडा वाचायला घाईतली एक नजर पुरते.